कान, डोळा आणि रविवारची आंघोळ

पत्र थोडक्यात असं: एका मैत्रिणीने वर्षभरापूर्वी आखूड केसांची पांढरीशुभ्र मांजरी घरी आणली, खाओ मनी जातीची, एक डोळा निळा, एक पिवळा. वय तीन वर्षं, नसबंदी झालेली, घराबाहेर जात नाही, दिवसभर खिडकीत उन्हात झोपते. पांढरं मांजर पांढरंच दिसलं पाहिजे असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून दर रविवारी लहान बाळाच्या शॅम्पूने आंघोळ होते. तरी शेपटीच्या बुडाशी पिवळट आणि पुढच्या पंजांवर तांबूस डाग पडतातच, वर आता अंगावर कोंडा दिसायला लागलाय. हाक मारली तर ढुंकून बघत नाही, कधी बघितलंच तर भलतीकडे बघते. परवा झोपेत उचलायला गेल्यावर बोटाला कडकडून चावली, आणि रात्री दीड-दोनला घर डोक्यावर घेते. "आखूड केस, म्हणजे फार काही करावं लागत नाही असं ऐकून घेतली होती, ताई. आता वाटतं तिला आमचं घरच आवडत नाही. मावसबहिणीकडे मोठं अंगण आहे, तिला देऊन टाकू का?" आणि शेवटी ता. क.: "कानाच्या टोकाला बारीक खपली धरतेय, पण ती खाजवून झाली असेल."

अगं, तुझ्या पत्राचं उत्तर मी शेवटापासून देते, कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्या ता. क. ची वाटली.

कानाच्या टोकाला खपली, आणि वर तूच लिहिलंयस की बाईसाहेब दिवसभर उन्हात पसरलेल्या असतात. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला केस विरळ असतात, खालची कातडी गुलाबी आणि तिच्यात रंग जवळपास नाहीच, त्यामुळे तिथे ऊन लागतं, अगदी आपल्याला लागतं तसंच. आधी कड लाल होते, मग खरखरीत लागते, मग खपली धरते, पडते, परत धरते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की त्याच जागी त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात त्याला. नाकाचा शेंडा आणि पापण्यांची कड या त्याच्या आणखी दोन आवडत्या जागा. घाबरून जाऊ नकोस, तीन वर्षांच्या मांजरीला तोच झालाय असं मी म्हणत नाहीये, तो बहुतेक वय झालेल्या मांजरांत दिसतो, आणि खपली बुरशीने धरते, माइट्सने म्हणजे कातडीतल्या सूक्ष्म किड्यांनी धरते, खरंच खाजवूनही धरते. पण यातलं कुठलं ते तुला-मला बघून कळणार नाही, व्हेटला कळेल, तेव्हा याच आठवड्यात दाखव. पुढची लस असेल तेव्हा बघू, असं नको. वेळेत लक्षात आलं तर कानाचा तेवढा तुकडा काढून मांजर पुढे मजेत जगतं, उशीर झाला की काम अवघड होतं.

आणि तोपर्यंत ऊन कमी कर. साधारण १० ते ४ या वेळात तिची गादी खिडकीतून हलव, किंवा पडदा ओढ. काचेआड आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, उन्हातल्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांपैकी यूव्हीबी किरणं साधी काच बरीचशी अडवते पण यूव्हीए आत येऊ देते. काचेवर लावायची यूव्ही फिल्म मिळते, ती लावलीस तर तिची खिडकी तिच्याकडेच राहील आणि तुझं रोजचं भांडण वाचेल. आपलं सनस्क्रीन मात्र तिच्या कानाला चुकूनही चोळू नकोस. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, आणि आपल्या क्रीममध्ये जे झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट असतं ते त्याला बाधतं. मांजराला चालेल असं काय लावायचं ते व्हेटलाच विचार, खपलीसाठी जाशील तेव्हाच.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे. तू लिहिलंयस, ती मुद्दाम दुर्लक्ष करते, तिला आपण आवडत नाही. मला त्या पत्रातलं एक वाक्य परत परत वाचावंसं वाटलं: "कधी बघितलंच तर भलतीकडे बघते." यात मला राग दिसत नाही गं. मला वाटतं तिला एका कानाने ऐकू येत नाही, कदाचित दोन्हीने.

याला कारण आहे आणि ते तिच्या तोंडावरच लिहिलंय. पूर्ण पांढरा रंग देणारा जो जीन मांजरात असतो, तो रंगपेशींना पिल्लाच्या अंगभर पोचू देत नाही. कातडीत पोचल्या नाहीत की केस पांढरे, बुबुळात पोचल्या नाहीत की डोळा निळा. आणि याच पेशी कानाच्या आतल्या भागातही लागतात, तिथे नसल्या तर पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतला कान वाळत जातो आणि ते कायमचं. म्हणून पांढऱ्या मांजरांत दोन्ही डोळे निळे असले तर बहिरेपणाचं प्रमाण ६५ ते ८५ टक्के सांगतात, एकच निळा असला तर साधारण ४०, आणि एकही निळा नसला तरी १७ ते २२. एक डोळा निळा असलेली मांजरं बहिरी असली तर बऱ्याचदा निळ्या डोळ्याच्याच बाजूच्या कानाने. हे काही नवीन शोध नाहीत, डार्विननेही १८५९ मध्ये निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात असं लिहून ठेवलंय, फक्त त्याने झाडून सगळी म्हटलं ते जरा जास्तच झालं. सयामीचे डोळे निळेच असतात की, पण तिचा निळा वेगळ्या कारणाने येतो आणि तिचे कान चांगले तिखट असतात.

तर आपल्या भाषेत कानाडोळा करणं म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणं, आणि तुझ्या मांजरीच्या बाबतीत कान आणि डोळा यांचा संबंध शब्दशः आहे, फक्त त्यात मुद्दाम काही नाही.

एका कानाने ऐकू येत असलं की गंमत अशी होते, आवाज येतो पण कुठून आला ते कळत नाही. दिशा कळायला दोन्ही कान लागतात. तू स्वयंपाकघरातून हाक मारतेस, तिला काहीतरी ऐकू येतं, ती मान वळवते ती बाल्कनीकडे, तिथे कोणी नसतं, ती परत झोपते. तुला वाटतं भाव खातेय. हे चार-पाच वेळा झालं की ती मान वळवणंही सोडून देते, आपणही दिलं असतं.

घरी बघायचं असेल तर बघ, पण नीट. ती पाठमोरी किंवा झोपलेली असताना दुसऱ्या खोलीतून, तिला दिसणार नाही अशा जागेवरून, खाऊच्या पाकिटाची चुरचुर कर किंवा किल्ल्या वाजव, आणि कान हलतोय का ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांग. जवळ जाऊन टाळी वाजवायची नाही, हवेचा झोत लागतो. दार आपटायचं नाही, जमीन हादरते आणि बहिरं मांजरही त्याने उठतं. मी स्वतः एकदा शेजारणीच्या मांजरामागे स्टीलचं ताट जमिनीवर आपटून "छे, हिला छान ऐकू येतं" असा निकाल देऊन मोकळी झाले होते, नंतर कळलं की तिला ताट ऐकू आलं नव्हतं, पंजांना लागलं होतं. वेगवेगळ्या दिवशी तीन-चारदा कर. आणि एक लक्षात ठेव, या असल्या टेस्टने दोन्ही कान गेलेत का याचा अंदाज येतो, एकच गेलाय का ते कळत नाही, कारण दुसरा कान काम करतोच. त्यासाठी बेअर नावाची टेस्ट असते, एकेका कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतोय का ते बारीक तारा लावून बघतात. ती सगळीकडे होत नाही आणि खरं सांगू, तुला तिची पिल्लं वाढवायची नाहीयेत, तर तिच्यावाचून अडत नाही. तिला कमी ऐकू येतंय असं धरून चाललीस तर नुकसान काहीच नाही, फायदाच आहे. फक्त व्हेटला कानात मळ, इन्फेक्शन वगैरे नाही ना तेवढं बघायला सांग, म्हणजे बरा होण्यासारखा त्रास आपण जन्मजात समजून सोडून दिला असं नको व्हायला.

बोटाला चावली त्याचाही उलगडा मग होतो. तू गाढ झोपलीयेस, काही चाहूल नाही, आणि एकदम दोन हात तुला हवेत उचलतात. मी तरी चावले असते. तिला उठवायचं असेल तर गादीच्या कडेवर दोन बोटांनी टकटक कर, हादरा तिच्यापर्यंत पोचतो, डोळे उघडेपर्यंत थांब, मग हात नाकासमोर धर, तिने हुंगला की मग अंगाला लाव. घरातल्या सगळ्यांना हे सांग, पाहुण्यांना तर आधी सांग. हाकेऐवजी उजेड वापरता येतो, जेवायच्या वेळी खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू केला की आठ-दहा दिवसांत तिला कळतं की ताट वाढलं. जमिनीवर दोनदा पाय आपटूनही बोलावता येतं, पण रागाने आपटल्यासारखं नको, ते त्यांना बरोब्बर कळतं. गळ्यात घंटी बांधलीस तर ती तिच्यासाठी नसून तुझ्यासाठी, कुठल्या कपाटात जाऊन बसलीय ते कळायला, पट्टा मात्र ओढ बसली की आपोआप सुटणारा घे.

रात्रीचं ओरडणं. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही अशी मांजरं जोरात ओरडतात, त्यांना आवाज किती झाला ते समजायला मार्गच नसतो. त्यात खाओ मनी मुळातच बडबडी आणि माणसाला चिकटून राहणारी जात. दिवसभर झोप काढली, रात्री जाग आली, अंधार, सगळे आपापल्या खोलीत, मग ती "आहात का कोणी?" असं विचारते, तेच तुला दीड वाजता ऐकू येतं. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं तिच्याशी दमेपर्यंत खेळ, दोरीला बांधलेलं काहीतरी पळव, तिला शेवटी पकडू दे, आणि लगेच जेवायला दे. शिकार, जेवण, झोप, मांजराचा क्रमच तो. पॅसेजमध्ये एक बारीक दिवा राहू दे. आणि ती ओरडली की उठून खाऊ देऊ नकोस, एकदा दिलास की रोज दीडला हजेरी लागेल. मात्र ओरडणं अचानक वाढलं, किंवा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे तिच्या शू-शीच्या डब्यात, जाऊन ताटकळत बसतेय आणि शू होत नाहीये असं दिसलं, तर तो लाडाचा विषय राहत नाही, तेव्हा तडक डॉक्टर.

आता सासूबाईंचा रविवार.

आखूड केसांच्या मांजराला दर आठवड्याला आंघोळ लागत नाही. महिन्यालाही लागत नाही. ती दिवसातला कितीतरी वेळ स्वतःलाच चाटत असते, तिचं पांढरेपण मुख्यतः तिच्या जिभेचं काम आहे. तुम्ही दर रविवारी शॅम्पूने कातडीवरचं तेल धुऊन काढता, कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज येते, खाज आली की ती जास्त चाटते, आणि जास्त चाटलं की लाळेने पांढरे केस तांबूस होतात. म्हणजे पंजांवरचे डाग घालवायला जी आंघोळ चाललीय ती डाग वाढवतच असेल, हे सासूबाईंना सांगताना जरा बेताने सांग. बाळाचा शॅम्पू बाळासाठी सौम्य असतो, मांजराच्या कातडीचं गणित वेगळं. आणि दर रविवारी जे दोन हात तिला धरून पाण्यात घालतात, तेच सोमवारी कुरवाळायला आले की ती पलंगाखाली जाणारच ना.

पांढऱ्या अंगाचा एक फायदा आहे जो काळ्या मांजराच्या घरात नसतो, तब्येतीचं सगळं वरच दिसतं. तेव्हा डाग दिसला की धुवायच्या आधी कुठे आहे ते बघ. शेपटीच्या बुडाशी पिवळं आणि तेलकट, तर तिथे तेलाच्या ग्रंथी असतात, तेवढीच जागा कोमट ओल्या फडक्याने पुसली तरी पुरतं. पंजांवर तांबूस, तर लाळ, म्हणजे काहीतरी खाजतंय, आंघोळ थांबवूनही महिन्याभरात कमी झालं नाही तर ॲलर्जी आहे का ते विचार. डोळ्याच्या कोपऱ्यातून तपकिरी ओघळ, तर पाणी येतंय, थोडं असेल तर रोज ओल्या कापसाने पुसायचं, एकाच डोळ्याला एकदम वाढलं तर दाखवायचं. हनुवटीखाली काळे ठिपके दिसले तर प्लॅस्टिकची वाटी काढून स्टीलची किंवा चिनी मातीची ठेव, आणि ती रोज घासायची. मागच्या पायांवर पिवळं असेल तर आधी लिटर बॉक्स बघ, रोज साफ होतो का, आणि मग तिचं वजन बघ, जाड मांजराला मागे तोंड पोचत नाही. पाठीवर काळी मिरपूड सांडल्यासारखी दिसली तर ती उचलून ओल्या पांढऱ्या कागदावर ठेव, भोवती विटकरी रंग पसरला तर पिसवा झाल्यात, ते त्यांनी प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं रक्त असतं. पिसवांचं औषध मात्र मांजराचंच, वजनाप्रमाणे, व्हेटने दिलेलं. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजर दगावू शकतं, आणि ही चूक लोक अगदी चांगल्या मनाने करतात.

पांढरं करणारे शॅम्पू, पेरॉक्साइड, कपड्यांची नीळ, असलं काहीही नको. खरंच काही सांडलं, तेल, रंग, तर तेवढ्यापुरती आंघोळ, मांजराच्या शॅम्पूने, आणि पूर्ण कोरडं करून.

"आखूड केस म्हणजे काही करावं लागत नाही" हे तुला ज्याने सांगितलं त्याला लांब केसांचा गुंता आठवत असणार, तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. पण आखूड केस गळतात भरपूर, आणि ते पोटात जातात किंवा तुझ्या काळ्या कपड्यांवर येतात. आठवड्यातून दोनदा मऊ रबरी ब्रशने खरारा कर, मानेपासून शेपटीकडे, पोटाला ती देईल तेवढंच. पाच मिनिटांचं काम. त्याच पाच मिनिटांत कानाच्या कडेवरून बोट फिरव, खरखरीत लागतंय का बघ, ओठ जरा वर करून दात बघ, दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं काप, पारदर्शक टोकच, गुलाबी भाग सोडून. बाकी खाण्याचं तू लिहिलंच नाहीस म्हणजे ठीक चाललं असावं, मांजराला मांसातलं प्रोटीन आणि टॉरिन नावाचं मांसातच मिळणारं पोषकद्रव्य लागतंच लागतं, दूध लागत नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. फुलदाणीत लिली आणू नका, तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाते, आणि पांढऱ्या अंगावर ते पिवळे कण दिसले तर पुसत बसू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे पळा.

मग देऊन टाकायचं का? तुझ्या डोळ्यासमोर अंगणात बागडणारी मांजरी आहे, ते मला कळतं, त्यात तुझं तिच्यावरचं प्रेमच आहे. पण कमी ऐकू येणाऱ्या मांजराला मागून येणारी गाडी कळत नाही, कुत्रा कळत नाही, आणि एकाच कानाने ऐकू येत असलं तर ती आवाजापासून लांब पळायच्या ऐवजी त्याच्याच दिशेने पळू शकते. वर दिवसभर ऊन, आणि कानाची खपली तर आत्ताच आहे. म्हणजे मावसबहीण कितीही चांगली असली तरी अंगण हीच तिच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. उद्या खरंच झेपत नाही असं झालं तर दे, त्यात गुन्हा काही नाही, पण घरात ठेवणाऱ्या माणसांना दे, आणि कान-डोळ्याचं सगळं सांगून दे. पण माझं म्हणशील तर आधी तीन महिने थांब. आत्तापर्यंत तू जिला ऐकू येतं अशा मांजरीशी वागत होतीस, आणि त्या मांजरीचं तुझ्याशी पटत नव्हतं. जी घरात आहे तिच्याशी अजून तुझी ओळख व्हायचीये. सोबतीला दुसरं मांजर आणू, असं एव्हाना घरात कोणीतरी म्हटलंच असेल. आत्ता नको, हिची घडी बसू दे. हिच्या मागून अचानक उडी मारणारं पिल्लू म्हणजे रोजची एक मारामारी.

सासूबाईंना मी शत्रू समजत नाही बरं का. ज्या बाईला शेपटीच्या बुडाशी पडलेला पिवळा डाग सगळ्यांच्या आधी दिसतो, तिची नजर या मांजरीला हवीच आहे. तेव्हा येत्या रविवारी आंघोळीच्याच वेळेला बाथरूमचं दार लावून घे, मांजरीला त्यांच्यासमोर चादरीवर बसव आणि ब्रश त्यांच्या हातात दे. त्यांना म्हणावं, मागून नको, तिला दिसाल असं समोर बसा. पहिल्या रविवारी ती पळून जाईल, दुसऱ्याही. ब्रश आणि चादर तिथेच राहू देत. आणि कानाचं व्हेट काय म्हणाले ते मला दोन ओळीत कळव, तेवढं मात्र विसरू नकोस.